माइल्सचा हिशेब : महाड-पोलादपूरच्या विमानप्रवाशांसाठी

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन तालुके. समुद्रकिनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. वरंधा आणि आंबेनळी घाट चढून देशावर जाणाऱ्या वाटा येथूनच फुटतात. या मुलुखात विमानतळ नाही. तरीही येथील घरांचे विमानाशी नाते जुने आहे. महाडच्या खाडीपट्ट्यातील गावांमधून दुबई, कुवेत, कतार, सौदी अरेबिया येथे नोकरीसाठी जाण्याचा प्रघात आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पोहोचला आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे अधिकारी कामानिमित्त परदेशी जातात. मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थायिक झालेल्या महाडकर-पोलादपूरकरांची मुले शिक्षणासाठी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया गाठतात.

इतका प्रवास होऊनही त्यावर मिळणारे ‘माइल्स’ मात्र बहुतेक घरांत वाया जातात. कोणी खातेच उघडलेले नसते. कोणाची चार कंपन्यांत चार खाती असतात आणि एकातही तिकिटापुरती शिल्लक साठत नाही. कोणाची साठलेली शिल्लक मुदत उलटल्याने एका रात्रीत शून्य होते. याउलट माइल्सच्या मोहापायी महाग तिकीट घेणारेही आढळतात. वर्षातून किंवा दोन वर्षांतून एकदा घरी येणाऱ्या नोकरदाराच्या दृष्टीने एका फुकट तिकिटाचा अर्थ मोठा असतो. पत्नीला महिनाभर तिकडे नेता येणे किंवा आईच्या आजारपणात तातडीने गावी पोहोचणे त्यावर अवलंबून असू शकते. म्हणून या योजना नेमक्या काय आहेत, त्यांतील कोणती निवडावी आणि कशी वापरावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

योजनेचे स्वरूप

एकाच कंपनीने वारंवार प्रवास करणाऱ्या ग्राहकाला काही मोबदला द्यावा, म्हणजे तो दुसरीकडे वळणार नाही, ही ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ योजनेमागील साधी कल्पना. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली आणि अल्पावधीत जगभरातील कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. भारतात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी १९९४ मध्ये ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही योजना आणली. तीच आता ‘महाराजा क्लब’ या नावाने ओळखली जाते. हे नामांतर २०२५ मध्ये झाले.

सभासदत्व बहुधा विनामूल्य असते. प्रवाशाला एक क्रमांक मिळतो. तिकीट काढताना तो नोंदवला की त्या प्रवासाचे माइल्स किंवा पॉइंट्स खात्यावर जमा होतात. पुरेशी शिल्लक झाली की त्यांच्या बदल्यात तिकीट, वरच्या वर्गाची जागा किंवा जादा सामानाची सवलत घेता येते.

पूर्वी माइल्स प्रत्यक्ष अंतरावर मिळत. मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,२०० मैलांचे. तेव्हा तेवढे माइल्स, असा सरळ हिशेब होता. आता हा हिशेब बदलला आहे. अमेरिकेतील डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी २०१५ मध्ये अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीवर माइल्स देण्यास आरंभ केला. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. इतर कंपन्या भाड्याच्या वर्गानुसार माइल्स देतात. एकाच विमानात, शेजारशेजारच्या आसनांवर बसलेल्या दोघांपैकी स्वस्त तिकीटवाल्याला थोडे आणि महाग तिकीटवाल्याला अनेक पट माइल्स मिळू शकतात. त्यामुळे ‘किती लांब गेलो’ यापेक्षा ‘कोणत्या भाड्याने गेलो’ हे अधिक महत्त्वाचे ठरते.

माइल्सचे दोन प्रकार

पुष्कळांचा गोंधळ येथेच होतो. खात्यावर दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली खर्च करण्याजोग्या माइल्सची. यातून तिकीट मिळते. दुसरी दर्जा ठरवणाऱ्या माइल्सची किंवा पॉइंट्सची. यातून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा दर्जा मिळतो. दर्जाचे माइल्स खर्च करता येत नाहीत आणि ते ठरावीक काळातच, बहुधा एका वर्षात, जमवावे लागतात.

दर्जाचे आकर्षण मोठे असते. विमानतळावरील विश्रांतिकक्ष, वेगळी रांग आणि आखाती प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाब म्हणजे सामानाचे वाढीव वजन. परंतु तो कोणाच्या आवाक्यातील आहे, हे आधी पाहावे. एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्स’ योजनेत सिल्व्हर दर्जासाठी २५,००० टिअर माइल्स लागतात. केवळ अंतराच्या हिशेबाने पाहिले, तरी मुंबई-दुबई-मुंबई ही फेरी सुमारे २,४०० मैलांची होते. म्हणजे एका वर्षात दहाहून अधिक फेऱ्या झाल्या पाहिजेत. स्वस्त भाड्याच्या तिकिटावर तर त्याहूनही अधिक लागतील. महिन्याला एक परदेशवारी करणाऱ्या कारखान्याच्या विक्री अधिकाऱ्याने दर्जाचा विचार जरूर करावा. वर्षातून एकदा रजेवर येणाऱ्याने मात्र त्यामागे धावू नये. त्याने खर्च करण्याजोग्या माइल्सकडेच लक्ष द्यावे.

निवड करताना

योजना निवडताना पहिला प्रश्न ‘सर्वांत चांगली योजना कोणती’ हा नसून ‘आपला प्रवास कोठे आणि कोणत्या कंपनीने होतो’ हा असावा. नोकरी दुबईत असेल तर एमिरेट्स, अबुधाबीत असेल तर एतिहाद, दोहा येथे असेल तर कतार एअरवेज, जेद्दा किंवा रियाधला असेल तर सौदिया यांच्या योजना स्वाभाविकपणे समोर येतात. कुवेत, मस्कत, बहरीन येथील राष्ट्रीय कंपन्यांच्याही स्वतंत्र योजना आहेत.

दुसरा प्रश्न आघाडीचा. जगातील अनेक विमान कंपन्या तीन मोठ्या आघाड्यांत विभागल्या आहेत. १९९७ मध्ये ‘स्टार अलायन्स’, १९९९ मध्ये ‘वनवर्ल्ड’ आणि २००० मध्ये ‘स्कायटीम’ स्थापन झाली. एका आघाडीतील कोणत्याही कंपनीने प्रवास केला, तरी माइल्स त्याच आघाडीतील दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर जमा करता येतात. मात्र भाड्याचा वर्ग त्यासाठी पात्र असावा लागतो. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स याच आघाडीत येतात. कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये, तर सौदिया स्कायटीममध्ये आहे. एमिरेट्स आणि एतिहाद या तीनपैकी कोणत्याही आघाडीत नाहीत. त्यांचे निवडक कंपन्यांशी स्वतंत्र करार आहेत. मुलगा अमेरिकेत शिकतो आणि वडील मुंबईतून दिल्ली, कोलकाता असा प्रवास करतात, अशा कुटुंबाला एअर इंडियाचे खाते दोन्हीकडे उपयोगी पडते. कुटुंबाचा सारा प्रवास मुंबई-दुबई एवढाच असेल, तर आघाडीला फारसा अर्थ उरत नाही.

तिसरा प्रश्न मुदतीचा, आणि रजेवर येणाऱ्या नोकरदारासाठी तोच निर्णायक आहे. काही योजनांत माइल्स मिळाल्यापासून ठरावीक वर्षांनी बाद होतात. स्कायवर्ड्समध्ये ही मुदत तीन वर्षांची असून, त्या वर्षीच्या सभासदाच्या जन्ममहिन्याअखेर माइल्स संपतात. इतर काही योजनांत मुदत शेवटच्या व्यवहारापासून मोजली जाते. कतार एअरवेजच्या ‘प्रिव्हिलेज क्लब’मधील ‘एव्हिऑस’ ३६ महिने कोणताही व्यवहार झाला नाही तर बाद होतात. मधे एखादा छोटासा व्यवहार झाला, तरी मुदत पुन्हा सुरू होते. एअर इंडियाच्या योजनेत २४ महिन्यांत किमान एक प्रवास होणे आवश्यक आहे.

यातील बारकावा असा. अनेक करारांत मायदेशी येण्याचे तिकीट मालकाकडून दोन वर्षांनी मिळते. एखादा नोकरदार २०२४ च्या एप्रिलमध्ये आला आणि त्यानंतर २०२६ च्या मेमध्ये निघाला, तर मधे २४ महिन्यांहून थोडा अधिक काळ जातो. २४ महिन्यांची अट असलेल्या योजनेत त्याची शिल्लक नेमकी प्रवासाच्या तोंडावर बुडते. रजा एक महिना अलीकडे घेतली असती, तर ती वाचली असती. तीन वर्षांची सरळ मुदत असलेल्या योजनेत पहिल्या फेरीचे माइल्स दुसऱ्या फेरीच्या वेळी शिल्लक असतात. परंतु तिसऱ्या फेरीपर्यंत टिकत नाहीत. म्हणजे त्याच्या हाती एका वेळी फार तर दोन फेऱ्यांचे माइल्स राहणार. एवढ्यातून त्या कंपनीत काय मिळू शकते, हे आधीच पाहून ठेवावे. पूर्ण तिकीट मिळत नसेल, तर एका बाजूचे तिकीट, काही रक्कम रोख व काही माइल्स असा पर्याय किंवा जादा सामान यांपैकी काय पदरात पडते, ते तपासावे.

चौथा प्रश्न कुटुंबाचा. एकट्याचे माइल्स थोडे. परंतु वडील, आई आणि दोन मुले अशा चौघांचे एकत्र केल्यास शिल्लक लवकर वाढते. स्कायवर्ड्सच्या ‘माय फॅमिली’ या सोयीत आठ जणांपर्यंतच्या कुटुंबाला माइल्स एका ठिकाणी जमवता येतात. कतार एअरवेजमध्येही कुटुंबासाठी तशी व्यवस्था आहे. दोन वर्षांखालील अर्भकाला माइल्स मिळत नाहीत. त्यानंतर मात्र मुलांचेही खाते उघडता येते. मुलांच्या माइल्सकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी येणाऱ्या मुलाचे तिकीट जवळजवळ मोठ्या माणसाच्याच दराचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

स्वस्त विमान कंपन्या

आखाती मार्गावर सर्वच प्रवासी मोठ्या कंपन्यांनी जात नाहीत. एअर इंडिया एक्सप्रेसने २००५ मध्ये केरळहून आखाताकडे उड्डाणे सुरू केली, तीच मुळी कामगारवर्गाला परवडेल असा प्रवास डोळ्यांसमोर ठेवून. शारजाची एअर अरेबिया, भारताची इंडिगो याही कमी भाड्याच्या कंपन्या. इंडिगोने २००६ मध्ये उड्डाणांना आरंभ केला. मात्र ‘ब्लूचिप’ ही योजना तिने २०२४ मध्ये आणली. एअर अरेबियाचीही स्वतःची योजना आहे.

अशा कंपन्यांच्या बाबतीत नियम सोपा आहे. खाते विनामूल्य असेल तर उघडावे, क्रमांक नोंदवावा, परंतु तिकिटाची निवड भाडे, सामानाचे वजन आणि वेळ पाहूनच करावी. भाड्यात सामान धरलेले आहे की नाही, हे नीट पाहावे. कुटुंबासाठी पेट्या भरून आणणाऱ्या प्रवाशाला विमानतळावर किलोमागे जो दर भरावा लागतो, त्यापुढे वर्षभराचे माइल्स किरकोळ ठरतात.

माइल्स न मिळणारी तिकिटे

विमानात बसले म्हणजे माइल्स मिळालेच, असे नाही. उमराह किंवा सहलीसाठी गटाने काढलेल्या तिकिटांवर बहुधा माइल्स मिळत नाहीत. जहाजावर नोकरी करणाऱ्यांसाठी जे वेगळे भाडे असते, त्यावर अनेकदा कमी मिळतात किंवा मुळीच मिळत नाहीत. माइल्स वापरून काढलेल्या तिकिटावर नवे माइल्स सहसा मिळत नाहीत. तिकिटावर भाड्याचा वर्ग एका अक्षराने दर्शवलेला असतो. तो पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करून घेता येते.

दुसरीकडे, तिकिटाचे पैसे मालकाने किंवा कारखान्याने भरले, तरी माइल्स प्रवास करणाऱ्याच्या नावावर जमा होतात. मालकाने दिलेल्या तिकिटावर आपला हक्क नाही, असे समजून अनेक जण क्रमांकच देत नाहीत. हे नुकसान अकारण आहे. काही कंपन्यांच्या कार्यालयीन नियमांत याविषयी वेगळी तरतूद असू शकते, ती पाहून घ्यावी. लहान उद्योगांसाठी काही विमान कंपन्या स्वतंत्र योजना चालवतात. एमिरेट्सची ‘बिझनेस रिवॉर्ड्स’ ही त्यांपैकी एक. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराने तिची चौकशी करण्यास हरकत नाही.

खाते उघडताना

सर्वांत अधिक अडचण नावाची येते. खात्यावरील नाव, तिकिटावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव ही तिन्ही एकच असावी लागतात. मराठी रीतीप्रमाणे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. काही पासपोर्टांवर वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असते, काहींवर ते नसते. विवाहानंतर नाव आणि आडनाव बदललेले असले, तरी जुना पासपोर्ट चालू असतो. कोकणी मुस्लिम कुटुंबांतही एका आडनावाची रोमन लिपीतील दोन-तीन रूपे आढळतात. त्यामुळे खाते पासपोर्ट समोर ठेवूनच उघडावे. पासपोर्ट नवा झाला आणि नावात बदल झाला, तर खात्यावरही तो करून घ्यावा.

दुसरी दक्षता मोबाइल क्रमांक आणि ई-मेलची. गावाकडे तिकिटे एजंटामार्फत काढण्याची पद्धत आहे. सोय म्हणून एजंट स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल लिहितो आणि खात्याचे सारे निरोप त्याच्याकडे जातात. सभासदाला आपली शिल्लक किंवा मुदत कळतच नाही. खाते स्वतःच्या क्रमांकावर असावे आणि तोही असा, जो आखातातून भारतात आल्यावर बंद पडणार नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या ई-मेलवर खाते ठेवणे अनेक घरांत सोयीचे ठरते.

प्रवासानंतर माइल्स जमा झाले नाहीत, तर मागाहून मागणी करता येते. त्यासाठी तिकीट क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो. ही मागणी काही महिन्यांच्या आतच करावी लागते. स्कायवर्ड्समध्ये ती मुदत सहा महिन्यांची आहे. म्हणून माइल्स खात्यावर दिसेपर्यंत बोर्डिंग पास फाडून टाकू नये.

एका माइलची किंमत किती?

माइल्स वापरावे की रोख पैसे द्यावे, हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. तिकिटाच्या रोख भाड्यातून, माइल्सचे तिकीट घेतानाही भरावे लागणारे कर व शुल्क वजा करावे. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागावे. येणारा आकडा ही त्या वेळची एका माइलची किंमत.

समजा, एका तिकिटाचे रोख भाडे १८,००० रुपये आहे. तेच तिकीट २०,००० माइल्स आणि ६,००० रुपये कर व शुल्क भरून मिळते. माइल्समुळे १२,००० रुपये वाचतात. म्हणजे एक माइल ६० पैशांना पडला. गर्दीच्या दिवसांत तेच भाडे ३६,००० रुपये झाले आणि माइल्स व कर तेवढेच राहिले, तर वाचतात ३०,००० रुपये. म्हणजे माइलची किंमत दीड रुपया झाली. गर्दी नसताना भाडे ११,००० रुपयांवर उतरले, तर वाचतात अवघे ५,००० रुपये. माइलची किंमत २५ पैसे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु त्यांतील तात्पर्य खरे आहे. भाडे स्वस्त असताना रोख पैसे द्यावे आणि भाडे चढले असताना माइल्स वापरावे.

हीच रीत तिकीट घेतानाही उपयोगी पडते. एका कंपनीचे भाडे दुसरीपेक्षा २,००० रुपयांनी कमी आहे. दुसरीने गेल्यास १,२०० माइल्स मिळतात. ६० पैशांच्या दराने त्यांची किंमत होते ७२० रुपये. म्हणजे माइल्सच्या मोहाने महाग तिकीट घेणाऱ्याचे १,२८० रुपये नुकसान झाले.

हंगाम आणि जागा

महाड-पोलादपूरकडे येणाऱ्यांच्या प्रवासाचे हंगाम ठरलेले आहेत. मे महिना, गणेशोत्सव आणि ईद. याच दिवसांत भाडे चढते आणि याच दिवसांत माइल्सची किंमत सर्वाधिक असते. अडचण एवढीच की, माइल्सवर देण्यासाठी कंपन्या प्रत्येक विमानात काही मोजक्याच जागा राखतात आणि त्या प्रथम संपतात. विमान कंपन्या आपली आरक्षणे साधारणतः अकरा महिने आधी खुली करतात. गणेशोत्सवाची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते. मेच्या सुट्ट्याही ठरलेल्या. ईदची नेमकी तारीख चंद्रदर्शनावर ठरत असली, तरी एक-दोन दिवसांच्या फरकाने तिचा अंदाज असतो. रजेची मंजुरी मालकाकडून लवकर मिळवणे, हाच माइल्सचे तिकीट मिळवण्याचा खात्रीचा उपाय होय. एक दिवस मागे-पुढे करण्याची तयारी असेल, तर जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

माइल्सच्या तिकिटाची तारीख बदलता येते का, रद्द केल्यास माइल्स परत मिळतात का आणि त्यासाठी किती शुल्क पडते, हेही आधी पाहावे. या भागात त्याला विशेष महत्त्व आहे. २२ आणि २३ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांना आलेल्या महापुराने महाड शहर पाण्याखाली गेले, रस्ते बंद पडले. अशा वेळी विमानतळ गाठणे अशक्य होते. पावसाळ्यात परतीचे तिकीट असेल, तर बदल करता येणारे तिकीट घ्यावे आणि शक्य झाल्यास एक दिवस आधीच मुंबई किंवा पनवेलला मुक्कामास जावे.

कोणता विमानतळ?

महाडहून मुंबईचा विमानतळ रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. पोलादपूर त्याहून पुढे. प्रवासाचा खरा खर्च काढताना ही वाट धरावीच लागते. पहाटे उतरणाऱ्या प्रवाशाला एसटी किंवा वीर, माणगाव येथे थांबणारी कोकण रेल्वेची गाडी मिळू शकते. मध्यरात्री उतरणाऱ्याला भाड्याच्या मोटारीवाचून गत्यंतर नसते. माइल्समुळे वाचलेली रक्कम त्या मोटारीत गेली, तर हाती काहीच उरत नाही.

या बाबतीत एक मोठा बदल झाला आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. हा विमानतळ रायगड जिल्ह्यातच, पनवेलजवळ आहे. महाड-पोलादपूरच्या प्रवाशाची मुंबई शहर ओलांडण्याची दगदग त्यामुळे वाचते. आरंभ देशांतर्गत उड्डाणांनी झाला असला, तरी पुढे कोणती कंपनी तेथून कोठे जाते, यावर येथील प्रवाशांची योजनेची निवडही बदलू शकते. म्हणून एकाच कंपनीच्या खात्यात वर्षानुवर्षे माइल्स साठवून बसण्यात शहाणपण नाही. तिकिटावरील विमानतळाचे संक्षिप्त नावही नीट वाचावे. मुंबईसाठी ‘बीओएम’ आणि नवी मुंबईसाठी ‘एनएमआय’ अशी अक्षरे असतात. जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ असू शकतो.

क्रेडिट कार्डाचा मोह

प्रवास न करताही माइल्स मिळवण्याचा मार्ग म्हणजे क्रेडिट कार्ड. कार्डावरील खर्चावर पॉइंट्स मिळतात आणि ते विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. महिन्याचे संपूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्या शहरी नोकरदाराला त्याचा फायदा होतो. परंतु बिल थकले, तर दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागू शकते. ५०,००० रुपये एक महिना थकले तरी दीड हजार रुपये व्याज चढते. तेवढ्या खर्चावर मिळालेल्या माइल्सची किंमत त्याच्या निम्मीही भरत नाही. वार्षिक शुल्क वेगळेच. ज्याला बिल पूर्ण भरण्याची शाश्वती नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

बुडालेल्या माइल्सचा धडा

माइल्स म्हणजे बँकेतील ठेव नव्हे. त्यांवर व्याज चढत नाही. उलट कंपनी केव्हाही नियम बदलून एका तिकिटासाठी अधिक माइल्स मागू शकते. आणि कंपनीच बंद पडली, तर काय होते, हे भारतीय प्रवाशांनी दोनदा पाहिले आहे. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या ‘किंग क्लब’च्या सभासदांचे माइल्स कागदावरच राहिले. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. तिची ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे टिकली आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू राहिली. तथापि ज्या विमानांसाठी लोकांनी ते माइल्स जमवले होते, ती विमानेच राहिली नाहीत. याउलट विस्ताराचे नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीनीकरण झाले, तेव्हा ‘क्लब विस्तारा’च्या सभासदांचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत वळते झाले. विलीनीकरणात शिल्लक बहुधा वाचते. दिवाळखोरीत ती वाचेलच, असे नाही.

आणखी एक बाब घरांत क्वचितच बोलली जाते. बहुतेक योजनांच्या अटींनुसार माइल्स ही सभासदाची मालमत्ता मानली जात नाही. सभासदाचे निधन झाल्यास ते वारसांना मिळतीलच, अशी खात्री नसते. ते विकण्यासही मनाई असते. विक्री उघडकीस आल्यास खाते रद्द होऊ शकते. ‘माइल्सची मुदत संपत आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा’ असे दूरध्वनीही येतात. कोणतीही विमान कंपनी दूरध्वनीवरून ओटीपी मागत नाही.

या सर्वांचा मथितार्थ एवढाच की, माइल्स ही प्रवासावरची छोटी सूट आहे. एका खात्यात जमवले, मुदतीत वापरले आणि त्यांच्यासाठी जादा पैसे मोजले नाहीत, तरच ती पदरात पडते. ज्या घरातील माणसे कामासाठी दूर गेलेली आहेत, त्या घराला या सुटीतून दर तीन-चार वर्षांनी एखादी जास्तीची भेट घडली, तर खात्यासाठी घेतलेले श्रम सार्थकी लागले, असे म्हणता येईल.

लक्षात ठेवण्याजोगे

१. ज्या कंपनीने नेहमी प्रवास होतो, तिचे किंवा तिच्या आघाडीतील एकच खाते मुख्य ठेवावे.

२. खाते पासपोर्टवरील नावाने आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडावे.

३. मालकाने दिलेल्या तिकिटावरही सभासद क्रमांक नोंदवावा.

४. दोन वर्षांच्या मुलापासून कुटुंबातील सर्वांची खाती उघडून ती शक्य असल्यास एकत्र जोडावी.

५. माइल्सची मुदत रजेच्या तारखेशी ताडून पाहावी आणि ती घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

६. बोर्डिंग पास माइल्स जमा होईपर्यंत जपून ठेवावा.

७. भाडे कमी असताना रोख, भाडे चढले असताना माइल्स, हे सूत्र ठेवावे.

८. विमानाची वेळ, विमानतळ आणि महाडपर्यंतच्या गाडीचा खर्च मिळूनच तिकिटाची किंमत ठरवावी.